द्राक्षबाग विकावी की कर्ज काढावं? लेकीच्या फुफ्फुस प्रत्यारोपणाचा हिशेब

प्रश्न (तासगाव तालुका): मुलगी 13 वर्षांची. फुफ्फुसाच्या धमन्यांतला रक्तदाब वाढलाय, औषधं पुरेनात. चेन्नईत प्रत्यारोपण सुचवलंय. अंदाज 30 लाख, पुढे औषधं-तपासण्यांना महिना 35 हजार. पगार 48 हजार, अडीच एकर बागेतून खर्च जाता वर्षाला 4 लाख. एफडी 9 लाख, सोनं 6 लाखांचं. बाग 76 लाखांना मागितलीय. विकू, की 25 लाखांचं कर्ज काढू?

उत्तर: दोन्ही नको. अर्धी बाग विका, अर्धी राखा.

कर्जाचं आधी बघू. 25 लाख, 12 टक्के, 5 वर्षं म्हणजे हप्ता साधारण 55,600. त्यात औषधांचे 35 हजार मिळवले की महिना 90 हजारांवर जातो. तुमची पगार आणि बाग मिळून कमाई 81 हजार, घरखर्च त्यातूनच. एका अवकाळीत हंगाम गेला की हप्ता थकेल, आणि मग हात औषधांच्या पैशाला लागेल. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

कारण ऑपरेशन झालं की खर्च संपत नाही, तिथून तो सुरू होतो. शरीरानं नवं फुफ्फुस नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड ही औषधं जन्मभर घ्यावी लागतात. टॅक्रोलिमस बारा-बारा तासांनी घ्यायचं आणि सकाळच्या गोळीआधी रक्त देऊन त्याची पातळी बघायची. बुरशीविरोधी औषध सुरू झालं की ही पातळी चढते आणि किडनीला मार बसतो. गोळ्या चुकल्या की शरीर नवं फुफ्फुस नाकारू लागतं. वयात येणाऱ्या मुलांत गोळ्या चुकवण्याचं प्रमाण जास्त असतं, हेही ध्यानात ठेवा.

मोकळेपणानं सांगतो. जागतिक नोंदींनुसार, फुफ्फुस प्रत्यारोपण झालेल्या मुलांपैकी निम्मी साधारण साडेपाच वर्षांच्या पुढे जगतात. पहिलं वर्ष सुखरूप पार पडलं तर पुढचा अंदाज बराच सुधारतो. नंतरचा मोठा शत्रू म्हणजे जुनाट नकार: बारीक श्वासनलिका आक्रसत जातात आणि फुंकण्याच्या चाचणीचा आकडा घसरतो. म्हणून हिशेब निदान 5 वर्षांचा धरा: 35 हजार गुणिले 60, म्हणजे 21 लाख. सगळी बाग विकली तर हे पैसे हातात येतील खरे, पण दरवर्षीचं उत्पन्न कायमचं जाईल.

अर्ध्या बागेचे 38 आणि एफडीचे 9, असे 47 लाख होतात. ऑपरेशनचे 30 आणि चेन्नईतल्या मुक्कामाचे 3 गेले की 14 उरतात. मुक्काम लांबू शकतो. दात्याचं फुफ्फुस काही तासांतच बसवावं लागतं, म्हणून जवळ राहावं लागतं. शिवाय ते मुलीच्या छातीच्या मापाचं हवं, मोठं असेल तर कधी कधी छाटून बसवतात. 14 पैकी 2 लाख बचत खात्यात ठेवा. बाकीचे 12 तीन वेगळ्या बँकांत चार-चार लाखांनी 1, 2 आणि 3 वर्षांच्या मुदतीनं ठेवा. मुदत ऑक्टोबरात संपेल असं बघा. तेव्हा छाटणी-फवारणीला पैसे लागतात, माल मात्र उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. बँकेतल्या ठेवीला व्याजासह 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेत तो नाही. व्याज थोडं जास्त मिळतं म्हणून पतसंस्थेत हे पैसे घालू नका. ठेवी संपल्या की औषधं अर्ध्या बागेच्या वर्षाला साधारण 2 लाखांवर आणि पगारावर मिळून चालवावी लागतील. सोनं मुलीला अचानक भरती करायची वेळ आली तरच मोडा, तोवर त्याला हात लावू नका.

विकताना विहीर असलेला तुकडा स्वतःकडे ठेवा. तो जाणारच असेल तर विहिरीतला हिस्सा, पाइपलाइन आणि वाट खरेदीखतात लिहून घ्या. जमीन वर्ग 2 ची, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही, आणि वडिलोपार्जित असेल तर भावा-बहिणींच्या सह्या लागतात. सातबारा आजच काढा. विसार धरून 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका, तेवढाच दंड बसू शकतो. जमीन शहराच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेर, म्हणजे ग्रामीण शेतजमीन ठरत असेल, तर भांडवली नफ्यावर कर नाही. सीएकडून खात्री करा.

मुख्यमंत्री सहायता निधीसाठी अर्ज ऑपरेशनआधी करा, मंजूर रक्कम थेट रुग्णालयाला जाते. जनआरोग्य योजनेतून काय मिळेल ते आरोग्यमित्राला विचारा.

खरेदीखत मात्र आत्ता करू नका. प्रत्यारोपणाची पूर्वतपासणी होऊन मुलीचं नाव प्रतीक्षायादीत लागू द्या. तपासणीत औषधं वाढवून थांबता येईल असंही निघू शकतं. तोवर फक्त साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, करा, आणि तपासणीचा निर्णय उलटा आला तर विसार परत देऊन व्यवहार मोडता येईल, ही अट त्यात घाला.