हाइव्हची कमाई काढायची की ठेवायची हे नंतर, आधी पैसे कोणाकडून घेणार ते सांगा

नमस्कार सेलूकर. तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. पहिली, हाइव्हवर, म्हणजे लेखांना मतं मिळाली की क्रिप्टोत पैसे देणाऱ्या साइटवर, लिहून बऱ्यापैकी एचबीडी (डॉलरच्या भावाजवळ राहणारं तिथलं नाणं) आणि हाइव्ह पॉवर (खात्यात अडकवून ठेवलेलं हाइव्ह नाणं, त्यावर मताचं वजन ठरतं) जमलीय, घरचे म्हणतात काढून घे, जुने लोक म्हणतात पॉवर-अप कर, म्हणजे तिथंच अडकवून ठेव. दुसरी तुम्ही शेवटी सहज लिहिलीय, की टेलिग्रामवरचा एक जण यूएसडीटीला (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं) बाजारापेक्षा दोन रुपये जास्त द्यायला तयार आहे, पैसे लगेच फोनपेवर. तुमच्या लेखी पहिला प्रश्न मोठा दिसतोय. माझ्या लेखी दुसरा. ती ओळ वाचली आणि म्हटलं, चला, हातातलं काम राहिलं तरी चालेल, याला आधी लिहू.

मी औसा तालुक्यातला. खरोसा लेणी, नळदुर्ग, आमच्याकडचे आठवडी बाजार असं फोटोसकट लिहीत आलोय, स्टीमिटच्या, म्हणजे हाइव्हच्या आधीच्या साइटच्या, काळापासून. २०२० च्या मार्चमध्ये त्या साइटमागच्या स्टीम ब्लॉकचेनपासून हाइव्ह वेगळं झालं तेव्हा सगळ्यांबरोबर इकडं आलो. सीए नाही, वकील नाही. खाली कराचं आणि पोलिसांचं जे लिहिलंय ते माझ्या अंगावरून गेलेलं आहे, तुमच्या बाबतीत वेगळं निघू शकतं. वॉलेट कसं उघडायचं हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

काढा की ठेवा, याचं अर्धं उत्तर हाइव्हनंच देऊन ठेवलंय. पोस्टला दहा डॉलर लागले तर सात दिवसांनी पाच मतं देणाऱ्यांत वाटले जातात, उरलेल्या पाचातले अडीच एचबीडीत आणि अडीच हाइव्ह पॉवरमध्ये तुमच्याकडं येतात, जर तुम्ही स्वतःहून शंभर टक्के पॉवर-अप निवडलं नसेल तर. माझं मत सरळ आहे: पॉवरचा भाग आहे तिथं राहू द्या, एचबीडीचा भाग नियमितपणे बाहेर काढा. पॉवर काढायची म्हटली तरी तेरा आठवडे तेरा हप्त्यांत मिळते, आणि तेवढ्यात भाव कुठं असेल हे कोणीच सांगू शकत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात हाइव्ह तीन डॉलरच्या वर गेलं होतं. तेव्हा पॉवर-डाऊन लावलेल्यांचे शेवटचे हप्ते हाती येईपर्यंत भाव पार उतरला होता. म्हणून पॉवरकडं ‘भाव आला की काढू’ म्हणून बघू नका. तो तुमचा मताचा वजनदारपणा आहे, बाकी काही नाही.

पॉवरचा एक फायदा मात्र कोणी सांगत नाही. तुमची ॲक्टिव्ह की (पैसे हलवायचा पासवर्ड) कोणाच्या हाती लागली तर खात्यातलं सुटं हाइव्ह आणि एचबीडी मिनिटभरात जातं. पॉवर जात नाही. चोराला पॉवर-डाऊन लावावं लागतं, पहिला तेरावा हिस्सा मिळायलाही आठवडा लागतो, तेवढ्यात तुम्ही की बदलून मोकळे. (ओनर की, म्हणजे बाकीच्या की बदलता येणारी मुख्य की, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवणारे मी बघितलेत. वहीत लिहा, वही कपाटात ठेवा.)

एचबीडी सेव्हिंग्जच्या व्याजाबद्दलही तुम्ही विचारलंय. ते वीस टक्क्यांपर्यंत होतं, नंतर खाली आणलं. ठरवतात हाइव्हचे विटनेस, म्हणजे मतांनी निवडलेले यंत्रणा चालवणारे, आपापसात आकडा लावून. तिथं रिझर्व्ह बँक नाही, पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा नाही. बीडकडच्या मल्टिस्टेटच्या पाट्या आठवा, बँकेपेक्षा चढं व्याज वाचून लोकांनी निवृत्तीचे पैसे टाकले आणि नंतर शटरसमोर बसून राहिले. हाइव्हवर कोणी पैसे घेऊन पळेल असं मी म्हणत नाही, यंत्रणा निराळी आहे आणि सगळं उघड्यावर दिसतं. पण वीस टक्के वाचून डोळे चमकायची सवय तीच. मी तिथं ठेवतो, थोडंच, आणि काढायला तीन दिवस लागतात हे लक्षात ठेवून.

आता मुद्द्यावर येतो.

मी पी२पीनं, म्हणजे एक्स्चेंजला न विकता थेट दुसऱ्या माणसाला, यूएसडीटी विकायचो. तुमच्यासारखाच, दोन रुपये जास्त मिळतात म्हणून. घेणारा शेकडो व्यवहारांचा, चांगल्या शेऱ्यांचा. पैसे आले, मी यूएसडीटी सोडलं, विषय संपला. काही आठवड्यांनी, मृगाच्या तोंडावर, कृषी केंद्रात बियाणं आणि डीएपी घेऊन पैसे द्यायला गेलो तर यूपीआय फेल. परत केलं, फेल. दुकानदार ओळखीचा, म्हणाला राहू द्या, नंतर द्या. मला वाटलं सर्व्हर असेल. दुसऱ्या दिवशी एटीएमनंही हात वर केले तेव्हा शाखेत गेलो.

त्या खात्यात हाइव्हचे पैसे किती होते? किरकोळ. मोठी रक्कम होती ती तुरीची. वडिलांच्या खात्याची केवायसी अडकलेली, म्हणून आडत्यानं पट्टीचे पैसे माझ्या खात्यावर टाकले होते. पेरणीचं सगळं गणित त्या एका खात्यावर.

काउंटरवरच्या साहेबांनी स्क्रीनकडं बघितलं आणि म्हणाले, "सायबरचं आहे. वरून फ्रीज आलाय."

"कुठल्या सायबरचं? लातूर?"

"ते आम्हाला दिसत नाही."

"तक्रार कोणी केलीय?"

"ते सांगता येत नाही. तुम्ही पोलिसांकडं जा."

कुठल्या पोलिसांकडं, हे विचारलं तर परत वरून. मग जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो, तिथं म्हणाले आमच्याकडं तुमच्या नावाची तक्रारच नाही, बँकेकडून पत्र आणा. बँक म्हणते पत्र देता येत नाही. या दोन टेबलांच्या मधल्या रस्त्यावर माझी पेरणी गेली म्हटलं तरी चालेल. बियाणं उधारीवर उचललं, मजुरी उसनवारीवर भागवली, आणि वडील रोज संध्याकाळी एकच विचारायचे, "सुटले का?" त्यांना क्रिप्टो काय ते माहीत नाही, त्यांना एवढंच दिसत होतं की पोराच्या खात्यात टाकलेली तूर दिसेनाशी झाली.

शेवटी कोडं सुटलं ते एका कंत्राटी पोरामुळं. साहेब जेवायला गेले असताना त्यानं मुख्य कार्यालयाचा ईमेल उघडून एक कागद काढून दिला. त्यावर सगळं होतं. दुसऱ्या राज्याचं नाव, पोलीस ठाणं, तपास अधिकाऱ्याचा ईमेल, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर झालेल्या तक्रारीचा पोच क्रमांक आणि वादातली रक्कम. ती रक्कम माझ्या खात्यातल्या पैशांच्या दहाव्या हिश्शाइतकीही नव्हती. म्हणजे जे "आम्हाला दिसत नाही" म्हणून इतके दिवस ऐकलं ते त्याच टेबलावर, त्याच कॉम्प्युटरमध्ये पडून होतं. साहेबांना तो मेल उघडून वाचायचा कंटाळा होता, याच्या पलीकडं कारण मला आजही सापडलेलं नाही.

झालं काय असतं ते समजून घ्या. कुठल्यातरी राज्यात कोणाला तरी फसवलं जातं. तो १९३० ला फोन करतो. त्याचे पैसे ज्या खात्यात गेले, तिथून पुढं ज्या खात्यांत गेले, त्याच्याही पुढं गेले, त्या साखळीतल्या प्रत्येक खात्यावर खूण बसते. पी२पीवरच्या माणसानं तुम्हाला दिलेले पैसे त्या साखळीतले असतील तर तुम्ही तिसऱ्या-चौथ्या कडीवर उभे. तुम्ही काय विकलं, खरं विकलं का, याच्याशी त्या यंत्रणेला सुरुवातीला देणंघेणं नसतं. घेणाऱ्याचं नाव आणि पैसे आलेल्या खात्याचं नाव एकच आहे ना, हे बघा असं सगळे सांगतात. बघाच. वेगळं असेल तर पैसे परत करा आणि व्यवहार मोडा. पण नाव जुळलं म्हणून पैसा स्वच्छ आहे असं नाही, माझ्या वेळी नाव जुळतच होतं.

आणि जो बाजारापेक्षा दोन रुपये जास्त देतो तो ते का देतो, हा प्रश्न टेलिग्रामवरच्या त्या गृहस्थाला एकदा विचारून बघा.

उद्या कोणावर ही वेळ आलीच तर तोंडी काही बोलू नका. शाखेत लेखी अर्ज द्या, त्यात फक्त चार गोष्टी मागा: पोच क्रमांक, पोलीस ठाणं, वादातली रक्कम, तपास अधिकाऱ्याचा ईमेल. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते. ते पोलिसांचा होल्ड उठवणार नाहीत, ते त्यांचं काम नाही, पण शाखेला लेखी बोलावं लागतं. तपास अधिकाऱ्याला पी२पी ऑर्डरचा स्क्रीनशॉट, चॅट, खात्याचा उतारा, पॅन आणि रिटर्नची प्रत पाठवा आणि विनंती एवढीच करा, की होल्ड वादातल्या रकमेपुरता ठेवा. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये असंच म्हटलंय, सगळं खातं गोठवू नका, सांगितलेल्या रकमेपुरतंच धरा. तो निकाल जोडला तर बरं पडतं. आपल्याकडं तो बंधनकारक आहे की नाही ते वकिलाला विचारा. माझं खातं शेवटी त्याच वाटेनं मोकळं झालं, वादातली रक्कम सोडून. ती अजून अडकलेलीच आहे आणि मी तिचा नाद सोडलाय.

तर पैसे काढायचे कसे? एफआययूकडं (पैशांच्या संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणारी केंद्राची यंत्रणा) नोंद असलेलं भारतीय क्रिप्टो एक्स्चेंज, तिथं विकायचं, रुपये तिथूनच थेट बँकेत. भाव थोडा कमी मिळेल, एक टक्का टीडीएस कापला जाईल. कापू द्या. तो आयकर खात्याच्या तुमच्या नावच्या नोंदीत दिसतो, रिटर्न भरताना करात वळता होतो, आणि मुख्य म्हणजे पैसा कुठून आला याचा कागद आपोआप तयार होतो. भारतातल्या प्रत्येक एक्स्चेंजवर हाइव्ह मिळेलच असं नाही, आणि नाव यादीत दिसलं तरी डिपॉझिट बंद असतं, दोन्ही बघून मगच पाठवा. विकून झाल्यावर पैसे तिथं पडू देऊ नका. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्सवर सुमारे तेवीस कोटी डॉलरची चोरी झाली आणि लोकांचे पैसे वर्षाहून जास्त अडकले.

बँकेत यासाठी वेगळं बचत खातं उघडा. त्यात पगार नको, पीएम किसान नको, पीक विमा नको, आडत्याचे पैसे तर नकोच नको. पैसे आले की उचलून घरच्या खात्यात. हे एवढं तरी ऐका.

कराचं थोडक्यात, कारण हा विषय मला आवडत नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून हेही असेल असं आपल्याकडं बरेच जण धरून चालतात. नाही. विक्रीच्या नफ्यावर सरळ तीस टक्के, वर चार टक्के सेस, आणि कमी उत्पन्नाची सूट इथं लागत नाही. एका नाण्यात दहा हजार कमावले आणि दुसऱ्यात दहा हजार घालवले तरी तोटा वजा होत नाही, पहिल्या दहा हजारांवर ३,१२० रुपये भरायचेच. बक्षीस म्हणून मिळालेलं हाइव्ह हाती आलं त्या दिवशीच्या भावानं उत्पन्नात धरायचं आणि तोच भाव नंतर विकताना खरेदी किंमत, असं माझे सीए करतात. सगळे सीए असंच करतात असं नाही, पण तारीख, किती आलं आणि त्या दिवशीचा रुपयांतला भाव, हे लिहून ठेवलेलं कुठल्याही पद्धतीला लागतंच. वर्षानं मागं जाऊन हे शोधायचं म्हणजे डोक्याला ताप.

तुम्ही किती काढावं हे मी सांगणार नाही, तुमचं घर मला माहीत नाही. लेखनातून येणाऱ्या पैशांवर हप्ता ठरवलेला असेल तर सगळं एचबीडी दर महिन्याला काढा. नसेल तर थोडं साठवून एकदम काढा, म्हणजे एक्स्चेंजची फी कमी जाते. पॉवर भाड्यानं देऊन घरबसल्या कमवा म्हणणाऱ्या व्हिडिओंपासून जरा लांब राहा. डेलिगेशन चालतं, मीही केलंय, परत मागितलं की पाच दिवसांनी येतं, त्यात वाईट काही नाही. फक्त त्या व्हिडिओत सांगितलेले आकडे मला कधी दिसले नाहीत.

आणि हाइव्ह एक्स्चेंजवर पाठवताना मेमो, म्हणजे व्यवहारासोबत लिहायचा एक्स्चेंजनं दिलेला मजकूर, विसरू नका. एक्स्चेंजचं खातं सगळ्यांचं मिळून एकच असतं, पैसे तुमचे हे त्यांना कळतं ते फक्त मेमोवरून. मेमो रिकामा गेला तर व्यवहार पूर्ण झालेला दिसतो, एक्स्चेंजवरची शिल्लक मात्र शून्यच राहते आणि मग सपोर्टच्या तिकिटामागं फिरावं लागतं. आधी एक हाइव्ह पाठवा, ते जमा झालेलं दिसलं की मग बाकीचं. बहुतेक एक्स्चेंज एचबीडी घेत नाहीत, तेव्हा ते आधी हाइव्हच्या आतल्या मार्केटवर हाइव्हमध्ये बदलून घ्या. कन्व्हर्टचं बटण दाबलं तर साडेतीन दिवस थांबावं लागतं, घाई असेल तर मार्केटच बरं.