समुद्र न पाहिलेल्या मुलीने समुद्री सुरक्षेवर संशोधन करावं का?

चोपड्याहून एका मुलीने विचारलंय: "ताई, मी जळगावच्या विद्यापीठातून राज्यशास्त्रात एमए केलंय. समुद्री सुरक्षा आणि समुद्रावरची गुन्हेगारी यावर युरोपात संशोधन करायचंय. स्वीडनला माल्मोला जाऊ की नेदरलँड्सला? वडील दोन एकर विकायला तयार आहेत. पण आमच्या घरात कोणी समुद्रसुद्धा धड पाहिलेला नाही, मला घेतील का?"

आधी जमिनीचं. विकू देऊ नकोस. नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुतेक वेळा नोकरीच असते. जागा निघते, मुलाखत होते, साधारण चार वर्षांचा करार आणि दरमहा पगार. तुझं एमए झालंय, तू अशा जागांना थेट अर्ज करू शकतेस. माल्मोचं जागतिक सागरी विद्यापीठ आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९८३ साली काढलं, नाव मोठं आहे. पण तिथल्या १४ महिन्यांच्या एमएस्सीला मुख्यतः कस्टम्स, तटरक्षक दल, बंदर खातं अशा ठिकाणी नोकरी केलेले लोक येतात, बरेच शिष्यवृत्तीवर. अनुभव नसताना पदरचे पैसे घालून तिथे जाण्यात मला तुझं हित दिसत नाही.

समुद्र पाहिला नाही हे मनाला लावून घेऊ नकोस. मी सावद्याजवळची. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला सहा वर्षं झाली, बंदरातून होणाऱ्या तस्करीवर काम करते, आणि या कामात मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो नानांच्या केळीबागेचा.

निर्यातीचा माल भरताना तू पाहिला असशील. घडाच्या फण्या सोडवायच्या, तुरटीच्या पाण्यात धुवायच्या, वजन करून पिशवीत, पिशवी खोक्यात, खोकी थंड कंटेनरमध्ये तेरा-चौदा अंशांवर. शेवटी दाराच्या कडीत बोल्ट सील बसवतात, म्हणजे तोडल्याशिवाय न निघणारा नंबरचा लोखंडी खिळा. टक् असा आवाज होतो, सीलचा नंबर कागदावर चढतो आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. त्यानंतर माल कुठेही अडून चालत नाही, केळी पिकते. नेमकं हेच तस्करांना हवं असतं. जगात सर्वात जास्त केळी निर्यात करणारा इक्वेडोर कोलंबिया आणि पेरू या कोकेनच्या देशांना लागून आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंग्लंडच्या साउदॅम्प्टन बंदरात केळ्यांच्या मालात ५.७ टन कोकेन सापडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्पेनमध्ये अल्हेसिरासला इक्वेडोरहून आलेल्या केळ्यांत १३ टन. बेल्जियमच्या एकट्या अँटवर्प बंदरात २०२३ या वर्षात सुमारे ११६ टन पकडलं गेलं.

पुष्कळदा शेतकऱ्याला आणि निर्यातदाराला पत्ताही नसतो. वाटेत सील तोडून दाराशीच पिशव्या ठेवतात आणि त्याच नंबरचं नकली सील लावतात. माल इकडे उतरला की त्या काढायला पोरं कुंपणावरून आत शिरतात, काही तर शाळेच्या वयाची. नेदरलँड्समध्ये २०२२ पासून बंदरात विनापरवाना सापडणं हाच गुन्हा आहे. अशाच एका एकोणीस वर्षांच्या मुलाच्या सुनावणीला मी बसले होते. त्याची आई मागच्या बाकावर त्याचं जाकीट मांडीवर घडी करून बसली होती, सारखी उलगडायची, पुन्हा घडी करायची. त्या दिवसानंतर मला पकडलेल्या टनांचे आकडे नुसते वाचता येत नाहीत.

आपलं बंदरही यातून सुटलेलं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातेत मुंद्रा बंदरात टाल्क पावडरीच्या नावाखाली आलेल्या कंटेनरमध्ये जवळपास तीन टन हेरॉइन निघालं. म्हणून तुझा प्रश्न खान्देशातूनच घेऊन ये. माल भरतात त्या पॅकहाऊसपासून न्हावा शेवा बंदरापर्यंत सील कोणाकोणाच्या हातून जातं, कुठे कोणी बघत नाही, कागद कोण जुळवतं? आमच्या गटात पॅकहाऊस आतून पाहिलेली मी एकटीच आहे. इथले लोक हुशार आहेत, पण हा प्रश्न त्यांना सुचत नाही.

कायद्याचा पाया मात्र पक्का कर. १९८२ च्या समुद्रकायद्याच्या करारातलं १०१ वं कलम पाठ असू दे: चाचेगिरी म्हणजे खुल्या समुद्रावरची. तोच हल्ला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत झाला तर ती सशस्त्र लूट, आणि ते किनाऱ्याच्या देशाचं काम. मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलाने चाच्यांनी पळवलेल्या रुएन जहाजावरचे ३५ चाचे पकडून १७ खलाशी सोडवले. चाच्यांना मुंबईत आणलं तेव्हा खटला भरायला २०२२ चा चाचेगिरीविरोधी कायदा हाताशी होता. बंदराच्या सुरक्षेसाठी २००४ पासून लागू असलेला आयएसपीएस कोड, म्हणजे जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम, वाच.

डच आत्तापासून शिक. निकालपत्रं, पोलिसांशी बोलणं, गोदीतल्या कामगारांचा विश्वास, सगळं डचमध्ये. मी पहिलं वर्ष इंग्रजीवर रेटलं आणि ते जवळजवळ वाया गेलं.

जन्मदाखला आजच काढून बघ. माझ्या दाखल्यात नावाचा रकाना कोरा होता, आणि इथल्या नगरपालिकेत नोंद करताना दाखला लागतो, तोही अपोस्टिल केलेला, म्हणजे परदेशात खरा धरला जावा म्हणून सरकारने प्रमाणित केलेला. आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. नाव नोंदवण्यातच माझे तीन महिने गेले.

मग एखाद्या पॅकहाऊसला चार दिवस जाऊन ये आणि सीलबद्दल जे दिसेल ते दीड पानात लिहून मला पाठव. अर्जाचा मसुदा आपण त्यावरूनच करू. जमिनीचा इसार अजून घेतला नसेल तर वडिलांना आजच थांबव.