वाचकांचे प्रश्न : अनंतापर्यंतचे संकलन आणि न शमणारे फल

प्रश्न : ‘ई’चा घात −(अ + आय·ब)क्ष असलेल्या फलाचे (आय म्हणजे −१ चे वर्गमूळ) शून्यापासून अनंतापर्यंतचे संकलन (इंटिग्रल) १ ÷ (अ + आय·ब) येते, असे आम्हाला वर्गात शिकवले. त्यात अ = ० आणि ब = १ घातले, तर कोसाइनचे संकलन ० आणि साइनचे १ मिळते; पण ही दोन्ही फले तर कधीच शमत नाहीत. मग हे उत्तर ग्राह्य धरावे का?
— बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : धरू नये, कारण ते सूत्र अ धन असतानाच लागू पडते. अनंत ही सूत्रात घालायची किंमत नव्हे. आधी वरची सीमा म इतकी सान्त धरून संकलन करावे आणि मगच म वाढू द्यावा. तसे केले की अंशात १ मधून एक पद वजा झालेले दिसते, ज्याचे केवलमूल्य ‘ई’चा घात −अम एवढे असते. अ = ०.१ आणि म = १०० असताना ते जेमतेम ०.००००४५ उरते. ब मुळे हे पद फक्त फिरते, लहान होत नाही.

अ = ० केल्यावर मात्र शमवणारे काहीच उरत नाही. ब = १ घेऊन पाहावे : म पर्यंतचे कोसाइनचे संकलन म्हणजे साइन म, जे −१ ते १ यांमध्ये हेलकावे खाते, आणि साइनचे संकलन म्हणजे १ वजा कोसाइन म, जे ० ते २ यांमध्ये फिरत राहते. दोन्ही मिळून संमिश्र प्रतलावर एक वर्तुळ काढतात आणि आपल्याला मिळालेले ‘उत्तर’ हा त्या वर्तुळाचा मध्य आहे. अ धन ठेवून शून्याकडे नेल्यास सीमा म्हणून तीच संख्या येते. अभियांत्रिकीची पुस्तके ती बिनदिक्कत वापरतात, पण तिला संकलनाची किंमत म्हणणे चूक.

मात्र फल शमत नाही म्हणून संकलन अपसारी, म्हणजे निश्चित किंमत नसलेले, असाही नियम करू नये. ‘ई’चा घात आय·क्ष² घेतला तर फलाचे केवलमूल्य सर्वत्र १ च असते, तरीही हेलकावे उत्तरोत्तर जलद होत गेल्याने लगतचे धन व ऋण भाग एकमेकांना अधिकाधिक खोडतात. खंडशः संकलन (इंटिग्रेशन बाय पार्ट्स) केल्यास म च्या पुढचा उरलेला भाग १/म हून मोठा नसतो, हे दोन ओळींत सिद्ध होते. प्रकाशाच्या विवर्तनात, म्हणजे अडथळ्याच्या कडेशी प्रकाश वळतो त्या अभ्यासात, फ्रेनेल या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने वापरलेली संकलने हीच. कोसाइन व साइन या दोन्ही भागांची किंमत पाय भागिले ८ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ०.६२७, येते. ती काढण्यासाठी मार्ग वास्तव अक्षावरून ४५ अंशांनी वर वळवावा, म्हणजे गाउसचे परिचित संकलन (‘ई’चा घात −क्ष² असलेले) समोर येते. घात −आय·क्ष² असेल, तर तोच मार्ग खाली वळवावा लागतो. वर वळवल्यास जुना व नवा मार्ग दूरवर जोडणाऱ्या वर्तुळकंसावरचे फल शमण्याऐवजी भडकते.