वाट राखायची तर आधी पाणी वळवा

प्रश्न : मुलाकडे इंग्लंडला गेलो असता पेनाइन वे या पायवाटेवर दोन दिवस चाललो. ओल्या, उजाड माळावर दगडी फरश्या अंथरलेल्या होत्या आणि काही स्वयंसेवक चर साफ करत होते. आमचा पंधरा जणांचा गट दर रविवारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात फिरायला जातो. तेथील वाटा पावसाळ्यात उखडतात. आम्हाला असे काम करता येईल का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : करता येईल, मात्र फरश्यांचे अनुकरण करू नये. सुमारे ४३० किलोमीटरची ती वाट १९६५ मध्ये खुली झाली. तिचा बराच भाग पीट या कुजलेल्या शेवाळाच्या, स्पंजासारख्या काळ्या थरावरून जातो. चिखल टाळण्यासाठी प्रत्येक जण कडेने चालू लागला, तशी वाट पसरत गेली आणि अखेरीस बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या फरश्या हेलिकॉप्टरने नेऊन तेथे अंथराव्या लागल्या. (गिरणगावाच्या शेजारी वाढलेल्या मला हा तपशील फार जवळचा वाटतो.)

आपल्याकडे खाली कातळ, वर मातीचा पातळ थर आणि चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. येथे वाट खाते ते धावते पाणी. म्हणून पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन जावे, पाणी वाटेवर नेमके कोठून उतरते ते पाहावे आणि तेथे खुणेचा दगड ठेवावा. उघडीप मिळाल्यावर त्या जागेच्या किंचित वर, जमिनीत निम्मे पुरलेल्या दगडांची एक ओळ वाटेवर तिरकी बसवावी. ती काटकोनात बसवली तर गाळ मागे साचतो आणि पाणी दगडांवरून उडी मारून खालची माती उकरते; तिरकी असेल तर तेच पाणी उताराच्या बाजूला निघून जाते. पाणी जेथे बाहेर पडते तेथेही चार दगड टाकावेत, नाहीतर नवी घळ पडते. कान्हेरीला गेलात तर लेण्यांच्या माथ्यावर कातळात खोदलेल्या पन्हळी जरूर पाहा. पाणी अडवण्याऐवजी त्याला वाट काढून देण्याची ही समज तेथे शतकानुशतके टिकून आहे.

परवानगीबाबत मात्र हयगय नको. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानातील झाडोरा परवान्याविना काढता येत नाही. चर खणणे, दगड हलवणे यांसाठीही वनविभागाची लेखी संमती घ्यावी आणि वनरक्षकांच्या देखरेखीखाली, दिवसाउजेडीच काम करावे. पहार, फावडे आणि घमेली पुरेशी आहेत. झाडांवर रंगाचे बाण काढू नयेत.

पंधरांपैकी दोघांवर तरी जुलै-ऑगस्टमधील फेरीची जबाबदारी सोपवा. एवढ्या मेहनतीने बसवलेली ओळ सागाच्या दोन-चार पानांनी तोंड बुजले तरी निकामी होते, आणि ती पाने हाताने बाजूला सारायला मिनिटही लागत नाही.