पाटीच्या दगडावरची द्राक्षे

प्रश्न : येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही पती-पत्नी लेकीकडे बार्सिलोनाला जाणार आहोत. तिने दोन दिवस ‘प्रिओरात’ नावाच्या वाइनच्या प्रदेशात नेण्याचे ठरवले आहे. आम्ही दोघेही वाइन घेत नाही आणि नाशिकच्या द्राक्षबागा तर अनेकदा पाहिल्या आहेत. मग तिथे आम्ही पाहायचे काय?
— एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : नाशिकच्या बागा पाहिलेल्या माणसाने प्रिओरात अवश्य पाहावे, कारण आपल्याकडच्या काळ्या जमिनीतल्या, मांडवावर चढवलेल्या वेलींशी त्या बागांचे काहीच जुळत नाही. स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांताच्या दक्षिण भागात, भूमध्य समुद्रापासून फार दूर नसलेल्या या डोंगराळ मुलखात माती अशी जवळजवळ नाहीच. आहे तो काळपट, चकाकणारा, पापुद्र्यांनी सुटणारा दगड, ज्याला तिथले लोक ‘यिकोरेया’ म्हणतात. आपल्या पिढीने शाळेत ज्या दगडी पाटीवर धुळाक्षरे गिरवली, त्याच जातकुळीचा तो दगड. पाऊस वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर, म्हणजे मुंबईत जुलैच्या एका जोरदार आठवड्यात पडून जाईल इतका. पाण्याच्या शोधात वेलींची मुळे दगडाच्या फटींतून खोल उतरतात; फळ थोडेच धरते, पण त्यात रस दाट उतरतो. गार्नाचा आणि कारिन्येना या तिथल्या मुख्य जाती.

प्रिओरात हे नावच मुळी मठावरून पडले. कार्थुसियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी बाराव्या शतकात मोंसांत डोंगराच्या पायथ्याशी ‘स्काला देई’, म्हणजे ‘देवाची शिडी’, हा मठ वसवला. एका मेंढपाळाला तिथल्या पाइन वृक्षावर शिडी लावून देवदूत स्वर्गात चढताना दिसले, अशी आख्यायिका आहे. आसपासच्या गावांवर मठाच्या प्रायोरची, म्हणजे मठाधिपतीची, सत्ता चाले, आणि द्राक्षाची लागवड या साधूंनीच रुजवली. १८३५ मध्ये स्पेनच्या सरकारने मठांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या, साधू परागंदा झाले आणि इमारती लुटल्या गेल्या. आज त्या अवशेषांतून फिरता येते. माझ्या मते सहलीचा पहिला मुक्काम तोच असावा, कारण मागचा डोंगरकडा आणि ती मोडकी कमान एकत्र पाहिल्यावाचून पुढच्या बागांचा अर्थ लागत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतून युरोपात आलेली फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड इथे पोहोचली आणि बागा उजाड झाल्या. या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी खुंटावर कलम करणे हा उपाय होता, पण दगडी उतारावर सगळे नव्याने लावण्याचा खर्च कुणाला झेपणार? माणसे बार्सिलोनासारख्या शहरांकडे निघून गेली. आपल्या कोकणातली घरे गिरणगावाने जशी रिकामी केली, तसेच काहीसे. प्रदेश सावरला तो फार उशिरा : १९८० च्या दशकात रेने बार्बिये, आल्वारो पालासिओस हे वाइन बनवणारे आणि त्यांचे सोबती ग्रातायोप्स या चिमुकल्या गावी जमले, दुर्लक्षित म्हाताऱ्या वेली हाताशी धरल्या आणि १९८९ च्या हंगामातील वाइनने जगाचे लक्ष वेधले. स्पेनमध्ये वाइनच्या प्रदेशाला मिळणारा सर्वोच्च दर्जा आज रिओखा आणि प्रिओरात या दोघांकडेच आहे.

वाइन न घेणाऱ्यांनी फाल्सेत गावातील सहकारी वाइनशाळा चुकवू नये. बार्सिलोनाचा ख्यातनाम वास्तुकार गौदी याच्या तालमीत तयार झालेले वास्तुकार सेसार मार्तिनेल यांनी ती १९१९ मध्ये उभारली. ‘वाइनचे कॅथेड्रल’ हे तिचे लोकांत रुळलेले नाव आहे. कड्याच्या टोकावरचे सिउराना हे गावही पाहावे. कॅटलोनियातील मुस्लिम सत्तेचा शेवटचा गड तो, बाराव्या शतकात पडला.

बार्सिलोनाहून मार्सा-फाल्सेत स्थानकापर्यंत आगगाडी जाते, मात्र गावागावांतून हिंडायला मोटार हवीच, आणि रस्ते इतके वळणाचे आहेत की घाट लागणाऱ्यांनी गोळी जवळ ठेवावी. सप्टेंबर तुम्हाला अनायासे साधला आहे. नाशिकचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी आटोपतो, तर तिथे याच दिवसांत तोडणी सुरू असते. उभ्या उतारावर यंत्र चालत नाही, त्यामुळे घड हातानेच खुडले जातात. सकाळी लवकर निघालात, तर ऊन चढण्याआधी ते काम बांधावरून पाहता येईल.