मनिलात एका दिवसात विद्यार्थ्यांची इतिहास-सहल कशी आखावी?

सकाळी ऊन चढायच्या आत फोर्ट सँटियागो गाठा. फिलिपिन्सचे राष्ट्रनायक, लेखक होसे रिझाल यांना स्पॅनिश राजवटीने दिलेल्या देहदंडाआधी इथेच कोठडीत ठेवलं होतं. त्यांची शेवटची कविता छोट्या स्पिरिटच्या चुलीत लपवून बाहेर गेली, हे आवर्जून सांगा. जमिनीत बसवलेली धातूची पावलं त्यांची अखेरची वाट दाखवतात. मुलं त्यांवर पाय ठेवून चालतातच, चालू द्या! मग लुनेटा उद्यान, ३० डिसेंबर १८९६ ला रिझाल यांच्यावर गोळ्या झाडल्या ती जागा तिथेच आहे.

दुपारी मनिलाच्या दक्षिणेच्या कावित गावातलं क्रांतिनेते एमिलियो आगिनाल्दोंचं घर. १२ जून १८९८ ची फिलिपिन्सची स्वातंत्र्यघोषणा इथल्या खिडकीतून झाली, बाल्कनी नंतरची. पहिल्या फिलिपिनो प्रजासत्ताकाशी जोडलेलं मालोलोस शहरातलं बारासोआइन चर्च मात्र उलट्या दिशेला, उत्तरेत. त्याच दिवशी कोंबू नका, ट्रॅफिकमध्येच दिवस जाईल.