आधी वडिलांचा रोटाहेलर उघडून बघा

तुम्ही विचारलंय, वडिलांना सीओपीडी (धूर-धुळीने श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) आहे, तर श्वासातून ओढायच्या औषधांत फॉर्मोटेरॉल-बुडेसोनाईड चांगलं की सॅल्मेटेरॉल-फ्लुटिकासोन? हाच वाद आमच्या घरात वर्षभर चालला, म्हणून लिहितेय.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर होते. आयुष्यभर सुताची धूळ, वर विडी. दम वाढला तेव्हा डॉक्टरांनी सॅल्मेटेरॉलवाल्या कॅप्सूल दिल्या. त्या गिळायच्या नाहीत, रोटाहेलर नावाच्या छोट्या यंत्रात घालून आतली पूड तोंडाने ओढायची. चार महिन्यांत काडीचाही फरक नाही. दादा पुण्याहून आला आणि म्हणाला, "स्वस्तातलं औषध आहे, बदला." बदललं. फॉर्मोटेरॉल आलं, मग त्याहून महागडं. अण्णा जिन्यावर बसतच राहिले.

एकदा सकाळी त्यांनी औषध घेतल्याबरोबर मी रोटाहेलर धुवायला उघडला. कॅप्सूलच्या टोपीत पांढरी पूड तशीच, जाळीलाही चिकटलेली. पूड जोरात आणि खोल ओढावी लागते. अण्णा बशीतला चहा ओढावा तसे हळू ओढायचे. वर्षभरात एकाही डॉक्टरने त्यांना समोर बसवून ओढून दाखवायला सांगितलं नाही, याचा राग मला अजून आहे.

मग तेच औषध फवाऱ्याच्या पंपातून, स्पेसर (फवारा आधी साठवणारी पोकळ नळी) लावून सुरू केलं. सावकाश ओढायचं, दहा सेकंद श्वास धरायचा. त्या जानेवारीत अण्णा नातवाचा हात धरून गड्ड्याच्या जत्रेत फिरले. दादा आजही म्हणतो, महागड्या औषधाने गुण आला. नाही आला. पोटात जाईल तेव्हा औषध, तसं छातीत जाईल तेव्हा पंप.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत काम सुरू करतं, सॅल्मेटेरॉलला वेळ लागतो, टिकतात दोन्ही बारा तास. पण दोन्हींच्या जोडीला बुडेसोनाईड किंवा फ्लुटिकासोन हे स्टेरॉइड आहे, आणि त्याने सीओपीडीत न्यूमोनियाचा धोका वाढतो, फ्लुटिकासोनने जास्त. म्हणून हल्ली स्टेरॉइडऐवजी ग्लायकोपायरोनियमसारखं दुसरं श्वासनलिका मोकळी करणारं औषध जोडीला देतात, आणि वारंवार दम उसळत असेल, रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) 300 च्या वर असतील, तर स्टेरॉइड घालतात. हा आकडा डॉक्टरांना जरूर विचारा.

वडिलांना दमाही असेल तर मात्र स्टेरॉइड लागतंच, माझं वाचून बंद करू नका. घेतल्यावर चूळ भरून थुंकायला लावा, नाहीतर तोंड येतं. आणि ओठ निळे पडले तर पंप बदलत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या.